टॉवेलाखालची बोटं

मिरजेच्या फलाटावर बंगळूरची गाडी लागली होती आणि आई मला तिसऱ्यांदा सांगत होती, "पोचलीस की कळव. आणि लोकांत लोकांसारखी राहा." कळवायचं कसं हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. आमच्या घरी फोन नव्हता. फोन होता तो सांगलीच्या मार्केट यार्डात, आप्पा ज्या पेढीवर बसायचे तिथे, आणि तोही मालकाच्या टेबलावर. मी डिप्लोमा झालेली एकवीस वर्षांची मुलगी, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली म्हणून निघाले होते. बोम्मसंद्रा नेमकं कुठे आहे, हे आम्हा तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी सुटायला पाच-सात मिनिटं राहिली तेव्हा आप्पांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, माझा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि दोन्ही हातांवर तो टॉवेल टाकला. शेजारच्या बाकावरची बाई बघायला लागली. आई म्हणाली, "अहो, इथं काय हे?" आप्पांनी लक्ष दिलं नाही. टॉवेलाखाली त्यांनी माझं एक बोट धरलं. एक महिना. मी बोट सोडवून घेतलं आणि त्यांची चार बोटं धरली. त्यांनी मान हलवली आणि दोन धरली. मी तीन धरली. त्यांनी थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझा पंजा घट्ट दाबला. सौदा झाला. तीन महिन्यांनी मी घरी यायचं होतं.

हा काय प्रकार, ते आधी सांगायला हवं, कारण तुमच्यातल्या पुष्कळांनी तो पाहिलेला नसेल. आप्पा हळदीचे दलाल. त्यांच्या काळी हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. पोतं फोडून माल जमिनीवर ओतायचा, दोघांनी तो हातात घेऊन बघायचा, मोडून बघायचा, आणि मग टॉवेलाखाली हात घालायचे. ज्याला भाव सांगायचा त्यानं समोरच्याची तितकी बोटं धरायची. पटलं तर समोरचा पंजा दाबतो, नाही पटलं तर बोटं सोडवून आपला आकडा धरतो. भोवती वीस माणसं उभी असली तरी भाव त्या दोघांनाच कळणार. बोट शेकड्याचं की हजाराचं, ते कुणी विचारत नाही. आप्पा म्हणायचे, "माल बघून सुद्धा ज्याला विचारायला लागतंय, त्यानं हात घालू नये."

त्यांचा आणखी एक नियम होता. समोरच्याची नड दिसली की आपण होऊन ढील द्यायची. कुणाकडे लग्न निघालंय, कुणाकडे आजारपण आहे, हे त्यांना हाताच्या पकडीवरून कळायचं. असा माणूस पहिल्याच आकड्याला पंजा दाबतो. अशा वेळी आप्पा हात सोडायचे नाहीत, उलट आपलाच आकडा त्याच्या बाजूनं सरकवायचे. या स्वभावापायी त्यांनी फार काही कमावलं नाही, पण यार्डात त्यांच्याशी सौदा करायला लोक थांबून राहायचे.

मला हे शिकवलं ते आमच्या ओसरीवर, रविवारी दुपारी. किती वेळ खेळायचं, किती लाडू घ्यायचे, सगळं टॉवेलाखाली ठरायचं. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरीला काय दलाल करायचंय?" यार्डात बायका सौद्याला येत नसत, त्यामुळे मी दलाल होणार नव्हते हे आप्पांनाही माहीत होतं. त्यांना आपलं कुणीतरी हवं होतं ज्याच्याशी न बोलता बोलता येईल. माझा धाकटा भाऊ शशी लहानपणापासून बडबड्या. त्याचा हात टॉवेलाखाली घातला की तो आकडा मोठ्यानं सांगून मोकळा व्हायचा.

बोम्मसंद्र्यात मी एका खोलीत आणखी दोघींबरोबर राहिले. खिडकीतून कारखान्यांचे पत्रे दिसायचे आणि होसूर रोडवरचे ट्रक दिवसभर ऐकू यायचे. सुट्टीच्या दिवशी फोनच्या बूथवर रांग. आमच्यापैकी प्रत्येकीच्या घरी कुणीतरी त्या वेळेला कुणाच्या तरी फोनजवळ येऊन बसलेलं असायचं. रविवारी यार्ड बंद, पण आप्पा पेढीची किल्ली घेऊन ठरल्या वेळी फोनपाशी हजर असत. बोलायचे काय, तर "बरं हाय ना?" आणि "जेवतीस ना?" एवढंच. मग माझ्या मागे उभी असलेली मुलगी खांद्यावर टकटक करायची.

मी तीन महिने मोजले आणि गेले. परत निघताना फलाटावर पुन्हा टॉवेल, पुन्हा त्यांचं ते एक बोट. त्यांची सुरुवात कायम एका महिन्यापासून आणि माझी चारापासून. कधी दोनवर मिटायचं, कधी तीनवर. त्या वर्षांत दिलेला शब्द मी मोडला नाही. एकदा तर अंगात ताप असताना गेले आणि चार दिवस ओसरीवर पडून राहिले. आई चिडली होती, आप्पा मात्र खूश. तेव्हा मला या प्रकाराची जरा लाजच वाटायची, हेही सांगून टाकते. बरोबरच्या मुलींना सोडायला आलेले वडील डोळे पुसत, डोक्यावर हात ठेवत. माझे वडील फलाटावर हळदीचा बाजार मांडत.

पुढे बटणांचा मोबाइल आला, लग्न झालं. महेश निपाणीचा. मराठी आणि कानडी दोन्ही त्याच्या घरच्या भाषा, त्यामुळे बंगळूरात तो माझ्यासारखा गांगरला नाही. आम्ही बनशंकरीला भाड्यानं घर घेतलं आणि पुढे तिथेच विकत घेतलं. मग तो काचेचा फोन आला आणि माझं या शहरातलं जगणं खरंच सोपं झालं. याबद्दल तक्रार करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्यांनी या शहरात फोनशिवाय पत्ते शोधलेत, त्यांनाच त्या नकाशातल्या निळ्या ठिपक्याची किंमत कळते. पहिल्या वर्षी मी दोनदा चुकीच्या बसमधून पार मल्लेश्वरमला जाऊन बसले होते. आता रिक्षा दारात येते आणि भाव आधीच ठरलेला असतो. कानडी पाटी वाचता आली नाही तर तिच्यावर फोन धरायचा. कारखान्यात मी पूर्वी ड्रॉइंगचं भेंडोळं काखेत घेऊन फिरायचे, आता सगळी ड्रॉइंगं खिशात असतात. कोथिंबीर संपली तर दहा मिनिटांत जुडी दारात.

बनशंकरीच्या देवळाबाहेर ज्या अक्कांकडून मी शुक्रवारी गजरा घेते, त्यांच्या पाटीत एक छोटा डबा आहे. फोनवरून पैसे दिले की तो डबा किती मिळाले ते रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो. कधी डबा गप्प बसला तर अक्का मला जरा थांबवून म्हणतात, "स्वल्प इरी, अक्का. अजून बोल्ला नाय." तो बोलेपर्यंत आम्ही दोघी थांबतो. पहिल्यांदा तो डबा ऐकला तेव्हा मला आप्पा आठवले आणि हसू आलं. ज्या माणसानं सगळा जन्म भाव झाकण्यात घालवला, त्याला हे दाखवायलाच हवं म्हणून मी व्हिडिओ कॉल लावला. तेव्हा शशीनं घरी असा फोन घेऊन दिला होता. आप्पांनी डबा ऐकला, पुन्हा ऐकला आणि म्हणाले, "बरं हाय की. कुणी फसणार नाही."

त्यांचा धंदाही तोवर बदलला होता. यार्डात उघडा लिलाव सुरू झाला आणि कुठल्या बाजारात हळद काय भावानं गेली, ते शेतकऱ्याला बांधावर बसून फोनात दिसायला लागलं. टॉवेलाखाली ठेवण्यासारखं काही उरलं नाही. आप्पा घरी बसले. मला वाटलं खचतील, पण त्यांनी फोन मनावर घेतला. सकाळी सगळ्या बाजारांचे भाव बघायचे आणि मला पाठवायचे. मी हळद घेते ती पाव किलोच्या पुड्यात, तरी मला रोज भाव यायचा. मी त्यावर अंगठा पाठवायचे.

आम्ही रोज एकमेकांना बघत होतो. सकाळचा चहा, दुपारची भाजी, ओसरीवरची जास्वंद. आईच्या हातात फोन असला की अर्धा वेळ पंखा दिसायचा आणि अर्धा वेळ तिचा कान. रोज भेट झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्यामुळेच माझं जाणं कमी होत गेलं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तीन महिन्यांचे सहा झाले, सहाचे नऊ. माझ्यासारखे घर सोडून आलेले जे कुणी हे वाचत असतील, त्यांना सांगते, ते लक्षात येत नाही. रोजची थोडी थोडी भेट मिळत राहते आणि आपण उपाशी आहोत हे पोटाला कळत नाही.

अशाच एका खेपेला निघताना मिरजेच्या फलाटावर मी फोनात डबा कुठे लागणार ते बघत होते. त्याच वेळी कारखान्यातून मेसेज येत होते, परदेशातला ग्राहक तपासणीला येणार होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला आप्पा खांद्यावरचा टॉवेल काढताना दिसले. मी मान वर न करताच म्हणाले, "आता ते कशाला आप्पा? रोज तर दिसतोय की आपण एकमेकांना." त्यांनी टॉवेलाची घडी घातली, परत खांद्यावर टाकला आणि माझी बॅग उचलून आत ठेवली.

त्यानंतर चौदा महिने मी गेले नाही. आकडाच ठरला नव्हता, त्यामुळे मोडला असंही म्हणता येत नव्हतं.

मग शशीचा फोन आला, आप्पांना अर्धांगाचा झटका आला होता. मी पोचले तेव्हा ते दवाखान्यात होते. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही गेली होती. आठ दिवस मी पलंगाजवळ बसून होते. बहुतेक वेळ ते झोपलेलेच असत. त्यांचा उजवा हात मी हातात घेऊन बसायचे, पण त्यात काही नव्हतं. त्यांना घरी सोडलं त्या दिवशी ते झोपेत असतानाच मी निघाले. जागं करून निरोप घ्यायला हवा होता. डॉक्टर झोपू द्या म्हणाले आणि मला ते बरंच वाटलं, असं आता मला कबूल करावं लागतं.

बंगळूरला आल्यावर मी संध्याकाळी सातची वेळ ठरवली. सात वाजता आई आप्पांना खुर्चीत बसवायची आणि फोन त्यांच्यासमोर धरायची. मी बोलायचे, ते बघायचे. मिनिटभर सगळं नीट चालायचं. मग ते डाव्या हातानं खांद्यावरचा टॉवेल ओढायचे आणि फोनवर टाकायचे. माझ्या बाजूला सगळा काळोख. काहीतरी खुडबुड ऐकू यायची, आई म्हणायची, "अहो, काय करताय, तिला बघू द्या की", आणि फोन कट व्हायचा.

पहिल्यांदा वाटलं, चुकून झालं असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी आई हळू आवाजात म्हणाली, "त्यांना नको असतंय गं फोन. तू दिसलीस की असं करत्यात. बाकी कुणाच्या फोनला नाही करत." तिचा मला दुखवायचा काहीच हेतू नव्हता. तिनं जे पाहिलं ते सांगितलं.

बाकी कुणाच्या फोनला नाही. हे वाक्य मी कारखान्याच्या बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, भाकरी थापताना सारखं घोळवलं. आप्पा माझ्यावर रागावले होते. फलाटावरच्या त्या दिवसाबद्दल, चौदा महिन्यांबद्दल, झोपेत सोडून आले त्याबद्दल. ज्या माणसाला तोंडानं बोलता येत नाही, त्यानं मला बघायचं नाही हे टॉवेल टाकून सांगितलं होतं. महेश म्हणाला, "जाऊन ये की एकदा. शनिवार-रविवार जोडून जा." मी ऑडिटचं कारण सांगितलं. ऑडिट होतंच, पण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. फोनवर टॉवेल टाकतात ते ठीक आहे. समोर जाऊन उभी राहिले आणि त्यांनी तोंड फिरवलं तर?

पाच महिने असे गेले. मी सातचा फोन आठवड्यातून दोनदा केला, मग एकदा. आईशीच बोलायचे, आप्पांची चौकशी करायचे आणि त्यांना दाखव असं म्हणायचं टाळायचे. आईलाही ते सोयीचं झालं असावं.

त्या काळात अपराधी वाटून मी जे केलं, ते आपल्यासारखी घर सोडून आलेली माणसं नेहमी करतात. मी वस्तू पाठवल्या. चाकांची खुर्ची, हवेची गादी, आणि एक नवा फोन. जुन्या फोनचा कॅमेरा धुरकट झाला होता. नवा फोन थोड्या उजेडातही स्वच्छ दाखवतो, असं त्याच्या माहितीत लिहिलेलं होतं. बनशंकरीच्या सोफ्यावर बसून मी तो मागवला आणि तिसऱ्या दिवशी तो सांगलीला पोचला. शशीनं तो सुरू केला, फोन उभा ठेवायचा एक स्टँड आणला, स्टूल आप्पांच्या खुर्चीसमोर ठेवलं आणि मला म्हणाला, "ताई, सात वाजता कर. चित्र कसं येतंय ते बघू."

मी कॉल लावला. चित्र फारच स्वच्छ आलं. आप्पांच्या दाढीचे खुंट, तोंडाची उतरलेली बाजू, सगळं दिसलं. त्यांचे केस आईनं विंचरले होते. त्यांनी मला पाहिलं आणि डावा हात खांद्याकडे गेला. मी स्वतःला तयार केलं. टॉवेल उडाला आणि फोनवर पडला.

पण या वेळी काळोख झाला नाही. टॉवेल स्टँडवरून तंबूसारखा पडला होता. तो जुना, विरलेला आणि वर्षानुवर्षांच्या हळदीनं पिवळट झालेला होता. त्यातून संध्याकाळचा उजेड झिरपत होता आणि नव्या फोनला तेवढा पुरेसा होता. टॉवेलाची वीण दिसत होती. त्या पिवळ्या उजेडात बाजूनं एक हात आत आला. डावा हात, तळवा वर, बोटं जरा सुटी. तो हात पुढे आला आणि थांबला. मग चाचपडल्यासारखा काचेला लागला. बोटांची पेरं काचेवर पांढरी झाली, डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. त्यांना धरायला काही सापडेना.

ते काय करत होते, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांनी माझं तोंड झाकलं नव्हतं. जेव्हा जेव्हा मी दिसले, तेव्हा ते टॉवेल टाकून माझा हात मागत होते. मी आपला हात काचेवर ठेवला, कुणी बघितलं असतं तर वेड लागलं म्हणालं असतं. तिकडे त्यांचा पंजा लाल बटणावर पडला आणि कॉल तुटला. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडले. आवाज ऐकून महेश आला. तो शेजारी बसला आणि फोन उघडून तिकीट काढायला लागला.

शनिवारी दुपारी मी घरात शिरले तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. आई म्हणाली, "न कळवता आलीस व्हय?" मी चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ पाटावर बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड फिरवलं नाही. त्यांचा डावा डोळा भरून आला, उजवा तर आता सदाच ओला असतो. मी त्यांच्या खांद्यावरचा टॉवेल काढला, त्यांचा डावा हात माझ्या डाव्या हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. डाव्या हातानं मी कधीच सौदा केलेला नव्हता. बोटं उलटी वाटत होती, कुठून मोजायचं कळत नव्हतं. त्यांनाही ते नवीनच असणार, पण त्यांनी फोनसमोर सराव केला होता.

त्यांनी माझं एक बोट धरलं.

एक. कशाचं एक ते मी विचारलं नाही. माल दोघांच्याही समोर होता. बावीस वर्षं ते एका महिन्यापासून सुरू करत आले होते आणि दरवेळी मी ते बोट सोडवून घेऊन त्यांची चार बोटं धरली होती. या वेळी मी बोट सोडवलं नाही. लगेच त्यांचा पंजा दाबला. मान्य.

आप्पांनी हात काढून घेतला नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, फलाटावर बघायचे तसे. पहिल्याच आकड्याला पंजा दाबणारा माणूस कोण असतो, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. त्यांनी माझी पकड सैल होऊ दिली. मग हळूच, एकेक करून, माझी दोन बोटं धरली. दोन महिने. ज्यांना उठून बसवायला दुसरं माणूस लागतं, ज्यांच्याकडे किती दिवस शिल्लक आहेत हे कुणालाच माहीत नाही, ते मला सवलत देत होते. माझी नड त्यांना दिसली होती. नोकरी, प्रवास, ऑडिट, सगळं त्यांनी मोजून घेतलं होतं आणि आपला आकडा माझ्या बाजूनं सरकवला होता.

मी दोन्ही बोटं सोडवली आणि त्यांचं एक बोट धरलं. त्यांनी पुन्हा दोन धरली. मी पुन्हा एक. आई दारात उभी राहून म्हणाली, "काय चाललंय दोघांचं?" आप्पांच्या तोंडाची जी बाजू हलते ती हलली. मग त्यांनी माझा पंजा दाबला. डाव्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्याला आता आठ महिने झाले. मी दर महिन्याला जाते. कारखान्यात त्यावरून कुरकुर होते. तिकीट काढायला, साहेबांना कळवायला, गाडी किती उशिरा आहे ते बघायला फोनच लागतो, आणि त्याच्याशिवाय मला हे जमलं नसतं. त्याच्यावर राग धरायचं काही कारण मला सापडत नाही. राग धरायचा तर मान वर न करता बोलले त्या माझ्यावर.

फोनातल्या नकाशाला मी फार पूर्वी बनशंकरीचा पत्ता घर म्हणून दिलाय. सांगलीच्या ओसरीवर बसून तो उघडला की तो सांगतो, घर इथून बारा तासांवर आहे. बनशंकरीत बसल्यावर मलाही अगदी तसंच वाटतं, फक्त उलट्या बाजूनं. बदलावा असं एक-दोनदा मनात आलं, पण काय लिहायचं ते सुचलं नाही. गजरेवाल्या अक्कांना माझी सगळी हकिकत माहीत आहे. मी निघायच्या आदल्या दिवशी त्या विचारतात, "ऊरिगा?" म्हणजे गावाला का. मी म्हणते, "हौदु अक्का, ऊरिगे." आणि तो शब्द तोंडून गेला की माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप सुटी होतात. माझ्यापुरतं घर आता तिथे आहे, त्या बोटांत. तुम्ही जे तिकडेच राहिलात, तुम्हाला हे फार थोडं वाटेल. मला ते पुरत नाही, पण तेवढंच आहे आणि ते माझं आहे.

मधल्या दिवसांत सातचा फोन असतोच. आई आप्पांना बसवते, फोन स्टँडवर लावते आणि बाजूला होते. टॉवेल पडतो. पिवळ्या उजेडात डावा हात येतो आणि एक बोट काचेवर टेकतं. मी इकडून माझं बोट तिथेच टेकवते. काच थोडी गरम असते, फोनच्या बॅटरीनं. मग त्यांचा पंजा खाली येतो, लाल बटण दाबलं जातं आणि कॉल संपतो. आई लगेच परत फोन करते आणि दरवेळी तेच म्हणते, "आज पण कट केला बघ यांनी." सौदा झाला की हात काढून घ्यायचा असतो, हे तिला मी अजून सांगितलेलं नाही.